तुझ्या ग्लासात काय ओतू, रिबका?

रिबका, रविवारी तुझ्या महिन्याची प्रार्थना. पाच वाजता मंडळी येतील. मलिद्याचे पोहे आणलेत, नारळ आणलेत, केळी-खजूर आयत्या वेळी आणू. तुझ्या फोटोला फ्रेमही करून झाली. सगळं झालं आणि एक गोष्ट अडून बसलीय, तिच्यापायी मी आज गुरुवारी सकाळपासून घरभर नुसती भिरभिरतेय. मशीन लावलं, त्यात साबण घालायला विसरले, परत लावलं. चहा केला तो ओट्यावरच निवला. तुझ्या नावाने आशीर्वाद म्हणायचा, आपली बेराखा, तेव्हा ग्लासात काय असेल? आईंच्या हातच्यासारखं काळ्या मनुकांचं शरबत, की तू मागितलेली ती नायगाराची वाईन?

मला असं लटकवून गेलीस. शोभतं का तुला?

आपल्या मंडळाच्या अंकासाठी सेक्रेटरींनी लेख मागितलाय. म्हणाले, ‘भाभी, रिबकाबाईंचा थोडक्यात परिचय द्या. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी कुठे केली.’ मी कागद घेऊन बसले आणि तुझ्या जन्मगावापाशीच माझं डोकं सटकलं. रेवदंड्याला जन्मली, भायखळ्याला वाढली, इस्रायलात अश्दोदला संसार केला, नवरा गेल्यावर इथे कॅनडात थॉर्नहिलला भावाच्या बेसमेंटमध्ये राहायला आली. झालं? यात तू कुठे आहेस? म्हणून मी सरळ तुलाच लिहितेय. छापायचं तर छापतील, नाहीतर राहू दे.

त्या दिवशी हॉस्पिटलात नर्स तुझी ड्रिप बदलत होती. तू एकदम म्हणालीस, ‘वहिनी, माझ्या महिन्याला मनुकाचं पाणी नको हं. अँजेलाची वाईन ठेव.’

मी म्हटलं, ‘गप्प बस. आधी घरी चल, मग वाईन काय, पिंपच आणते तुझ्यासाठी.’

‘ठेवशील ना पण?’

‘रिबका, तोंड बंद कर.’

तू हसलीस आणि डोळे मिटलेस. त्यानंतर तू जे काही बोललीस ते पाणी दे, उशी सरकव, एवढंच. उत्तर द्यायला मला वेळ होता, पण तू असलं काही विचारायला नको होतंस, असंच मला वाटत राहिलं. अजूनही वाटतं. माणसाने स्वतःच्या महिन्याचा मेन्यू ठरवावा का गं?

आणि तुझ्या दादाला विचारायची सोय नाही. त्याचं उत्तर मला पाठ आहे. ‘ज्यू माणसाच्या हातून झालेली नाही, म्हणजे कोशर नाही, धर्माला चालत नाही. कोशर नाही त्यावर बेराखा नाही. विषय संपला.’ बरं, तो काही खोटं बोलत नाही, नियम तसाच आहे. आपण दोघी काउंटरपाशी उभ्या राहून ग्लासावर ग्लास चाखत होतो ती आपली हौस होती. देवासमोर ठेवायचं म्हटलं की गोष्ट वेगळी होते. लेयाला फोन केला तर ती काय म्हणाली माहितीये? ‘मॉम, इट्स जस्ट अ ड्रिंक. डू बोथ.’ म्हणे डू बोथ! तुझी भाची आहे ती, शोभते.

गंमत बघ, आपण कोकणातल्या. द्राक्षं म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायची वस्तू. ती वेलीवर कशी लटकतात हे मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिलं, तेही तुझ्यामुळे. तू त्या दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला होतीस, तिथल्या कोणीतरी तुला सांगितलं की हॅमिल्टनच्या पुढे तळ्याकाठाने रांगेने वायनरीज आहेत, नुसतं जायचं आणि चाखायचं. तू घरी येऊन कोट काढायच्या आधी म्हणालीस, ‘वहिनी, रविवारी निघायचं.’ मी म्हटलं, आपण काय करणार तिथे? तू म्हणालीस, ‘लोक करतात ते.’

लोक करतात ते मला कुठे येत होतं! पहिल्याच वायनरीत माझी जी फजिती झाली, ती तू मरेपर्यंत पुरवून पुरवून सांगितलीस. काउंटरमागे तो उंच पोरगा उभा. त्याने आपल्या दोघींच्या ग्लासांत तळाला जरा जरा लाल वाईन ओतली आणि तोंडाने एका सुरात काहीतरी म्हणायला लागला. चेरी, सीडर, टोबॅको, मग कुठली माती, कुठला उतार, थांबेचना. आता मला सांग, आपल्याकडे लाल पेल्यापुढे कोणी उभं राहून असं एका दमात म्हणायला लागलं तर आपण काय करतो? माझा हात आपोआप ओढणीकडे गेला. ती डोक्यावर घेऊन मी मान खाली घालून उभी राहिले आणि त्याचं संपल्याबरोबर मोठ्याने म्हटलं, ‘आमेन.’

शेजारचं गोरं जोडपं वळून बघायला लागलं. तू काउंटरला धरून खाली बसलीस हसून हसून. त्या पोराला बिचाऱ्याला वाटलं आपल्याला वाईन फारच आवडली, त्याने अजून ओतली.

तेव्हापासून दर ऑक्टोबरला आपली वारीच सुरू झाली म्हण. मागच्या सीटवर आपण दोघी, पुढे तुझा दादा एकटाच, लोकांना वाटायचं उबर आहे. तो कधी आत आला नाही. ‘तुम्ही जा, मी बसतो’ म्हणायचा, सीट मागे करायचा, जुनी गाणी लावायचा आणि डब्यातल्या चकल्या खात बसायचा. आपण बाहेर येईपर्यंत डबा रिकामा. बर्लिंग्टनच्या त्या उंच पुलावर मात्र तुझी बडबड बंद व्हायची. दाराच्या वरचं हँडल धरून तू डोळे मिटून बसायचीस आणि पूल संपला की जिथे सोडलं होतंस तिथून वाक्य पुढे सुरू. किती घाबरायचीस उंचीला आणि कबूल म्हणून करायची नाहीस.

आणि तो तोफेचा बार आठवतो? पाखरं द्राक्षं खातात म्हणून तिथे गॅसवरची तोफ लावतात, मधूनमधून नुसता आवाज होतो. आपण वेलींच्या ओळीतून चाललो होतो आणि धडाम! मी जागीच उडाले. तू मात्र सरळ जमिनीवर, डोक्यावर हात घेऊन. अश्दोदला सायरन ऐकत काढलेली तुझी वर्षं मला त्या एका क्षणात दिसली. मी तुझ्याजवळ बसले. तुझा दादा लांबून काच खाली करून ओरडत होता, ‘काय झालं? पडली का?’ तू मान वर केलीस, केसांत माती, आणि म्हणालीस, ‘पाखरांसाठी एवढा दारूगोळा? चल, यांची वाईन पिऊन वसूल करू.’ त्या दिवशी तू जरा जास्तच प्यालीस. मी तुला अडवलं नाही.

तुझं चाखणं म्हणजे एक प्रकरण होतं. तिथले लोक सांगायचे त्यावर तुझा कधी विश्वास बसला नाही. रीझलिंग प्यायलीस की, ‘कैरी आहे. पेट्रोल पंपावर उभं राहून खाल्लेली कैरी.’ बाको नुआर म्हणजे, ‘हे जांभूळ. जीभ बघ माझी.’ आइसवाईनचं सगळ्या जगाला कौतुक, कडाक्याच्या थंडीत गोठलेली द्राक्षं तोडून करतात म्हणून. तू एक थेंब चाखलास आणि म्हणालीस, ‘पाक आहे हा. यात गुलाबजाम टाका.’ एका बाईला तू तोंडावर सांगितलंस की तुमची रोझे कोकमासारखी लागते. तिने विचारलं, कोकम म्हणजे काय? पुढच्या वर्षी तू तिच्यासाठी आमसुलांचं पाकीट घेऊन गेलीस आणि ती बाई ते सुकं आमसूल चघळत बसली. असले उद्योग तुझे.

आता मूळ भांडणावर येते. थांब, मशीन वाजतंय.

आले. तर आपलं शरबत. आपल्या बेने इस्रायलांना कोकणात वाईन कुठली मिळायला? म्हणून जुन्या लोकांनी काळी मनुका भिजवली, कुस्करली, फडक्यातून गाळली आणि त्या पाण्यावर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथची बेराखा म्हटली. तेच पुढे चालत आलं. लग्नाला तेच, सणाला तेच, मेल्यावरही तेच. आईंनी मला या घरात आल्यावर पहिली गोष्ट शिकवली ती ही. कोमट पाण्यात भिजव, उकळू नकोस, पिळताना घाई करू नकोस. इथे थॉर्नहिलच्या दुकानांत कोशर वाईनच्या बाटल्या ढिगाने असतात, तरी आपल्या घरी शुक्रवारी मनुकाच भिजते, इंडियन ग्रोसरीतून आणलेली.

आणि तू एकदा ते शरबत थर्मासमध्ये भरून वायनरीत घेऊन गेलीस! मला सांगितलंसुद्धा नाहीस. ती अँजेलाची डोंगरउतारावरची लहानशी वायनरी, आपली लाडकी. अँजेला स्वतःच ओतते, स्वतःच ग्लास धुते, हात कायम जांभळे. तू पर्समधून थर्मास काढलास आणि तिच्यापुढे धरलास. ‘यू टेस्ट माइन नाऊ.’ मी शरमेने अर्धी झाले. तिने एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाली, ‘कम.’

मागच्या जुन्या कोठारात घेऊन गेली ती आपल्याला. आत छतापर्यंत क्रेट्स, त्यांत काळ्या द्राक्षांचे घोस पसरलेले, मोठमोठे पंखे घूं घूं करत फिरतायत. द्राक्षं सुकत होती. तिच्या आजोबांच्या गावी इटलीत असंच करायचे म्हणाली, आधी सुकवायची, मग दाबायची, म्हणजे वाईन दाट होते. पुढे तिने त्या वाईनचा ग्लास आपल्या हातात दिला. तू प्यालीस आणि तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं काही लागलं तुला. तू म्हणालीस, ‘वहिनी, आई.’ एवढंच.

मीही प्यायले. खरं सांगते, होतं त्यात काहीतरी आईंच्या शरबताचं. मी कबूल केलं नाही.

तिथून जे भांडण सुरू झालं ते गाडीत, घरात, ग्रोसरीच्या रांगेत, वर्षानुवर्षं. तू म्हणायचीस, ‘वाईन नव्हती म्हणून मनुका भिजवली आपल्या लोकांनी. आता तासा-दीड तासावर वेली आहेत आणि तुम्ही अजून पाकीट फोडून भिजवताय. याला काय अर्थ आहे?’ मी म्हणायचे, ‘सोय म्हणून सुरू झालं असेल, पण आता ते आपलं आहे. आपण वेगळे आहोत ते त्याच्यामुळेच कळतं.’ तू म्हणायचीस, ‘कोणाला कळतं? शेजाऱ्यांना?’ मी म्हणायचे, ‘मला कळतं.’ मग तू तुझं शेवटचं अस्त्र काढायचीस. ‘मी रेवदंड्याला पुरली जाणार नाहीये वहिनी, आणि अश्दोदलाही नाही. मी याच मातीत जाणार. मग इथलं काहीतरी ग्लासात असू दे की.’ असं म्हटलंस की मी चिडून उठायचे. तू मरायच्या गोष्टी करायचीस आणि त्याही इतक्या मजेत!

तुझं बरोबर होतं का? अगं, मला अजून नाही कळलं. आज दिवसभर मी दोन्ही बाजूंनी भांडतेय. तुझ्या बाजूने बोलायला लागले की आई डोळ्यांसमोर येतात, ते मलमलचं फडकं पिळताना. आईंच्या बाजूने बोलायला लागले की तू त्या खाटेवर. मरताना माणसाने एक गोष्ट मागितली आणि ती मी दिली नाही तर मी कसली वहिनी? आणि दिली, तर त्या बेराखेला तुझा भाऊ उभा राहणार नाही. तुझ्या प्रार्थनेला तुझा सख्खा भाऊ मान फिरवून बसला तर ते तरी तुला चालेल का?

शेवटी आत्ता तुझ्या दादाला म्हटलं, ‘उद्या मला अँजेलाकडे न्या.’ त्याने विचारलं नाही कशाला. फक्त म्हणाला, ‘लवकर निघू, शब्बाथच्या आत परत यायला हवं.’ मी बाटली आणणार आहे. पुढचं पुढे.

रविवार सकाळ. लिहायला आत्ता वेळ मिळतोय. नीट ऐक.

शुक्रवारी आम्ही निघालो. त्याने यंदा हॅलोविनच्या आधीच विंटर टायर्स घालून ठेवलेत, तूच त्यावरून त्याला चिडवलं असतंस. मी सवयीने मागचं दार उघडलं आणि बसले. तो आरशातून बघत राहिला. मग म्हणाला, ‘पुढे ये.’ मी पुढे जाऊन बसले. बर्लिंग्टनच्या पुलावर माझा हात दाराच्या वरच्या हँडलकडे गेला. बारीक बर्फ भुरभुरत होतं. खाली आल्यावर दोन्हीकडे नुसत्या काळ्या काटक्या, पानं सगळी झडलेली, जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या. आपण नेहमी द्राक्षं असताना गेलो, असं बोडकं मी ते कधी पाहिलं नव्हतं. मला परत फिरावंसं वाटलं.

पार्किंगमध्ये गाडी थांबली. मी दार उघडलं, तर तुझ्या दादानेही बेल्ट काढला.

‘तुम्ही कुठे?’

‘एकटी नको जाऊस,’ तो म्हणाला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माणूस त्या दारातून आत गेला, रिबका. टोपी हातात घेऊन, परक्याच्या घरी गेल्यासारखा. अँजेला मला बघून हसली, मग त्याच्याकडे बघितलं, मग माझ्यामागे बघितलं. ‘व्हेअर इज युवर सिस्टर?’ ती तुला माझी बहीणच समजायची. तुझा दादा म्हणाला, ‘माय सिस्टर. शी पास्ड अवे.’ महिनाभर त्याने हे वाक्य कोणापुढे उच्चारलं नव्हतं. फोन आले की मला द्यायचा. ते त्याने त्या अनोळखी बाईपुढे म्हटलं आणि काउंटरला हात टेकून उभा राहिला.

अँजेला काउंटरच्या बाहेर आली आणि मला मिठी मारली. तिच्या हातांचा वास तोच होता. मग मी एकदाची रडले, महिन्यात पहिल्यांदा धड रडले. तिने आम्हाला दुकानात बसू दिलं नाही. बहुतेक मला माणसांपासून लांब न्यायचं होतं तिला. मागच्या कोठारात घेऊन गेली. पंखे तसेच घूं घूं करत होते, क्रेट्स तसेच, द्राक्षं आकसून सुरकुतलेली.

तुझ्या दादाला हे काहीच माहीत नव्हतं. आपण त्याला गाडीत सांगायचो खरं, पण आपण दोघी एकदम बोलायचो, त्यात त्याला काय कळणार? तो क्रेटजवळ गेला. अँजेलाने मान हलवली तसा एक दाणा तोडला, तोंडातल्या तोंडात फळाची बेराखा म्हटली आणि खाल्ला. सावकाश चावला. बी थुंकायला जागा सापडेना म्हणून रुमालात ठेवली. मी आपली मनाशी जुळवत होते की बाटलीची गोष्ट याच्याशी आता काढू की घरी गेल्यावर.

तो म्हणाला, ‘ही मनुकाच आहे.’

मी म्हटलं, ‘हो. याचीच वाईन करतात. रिबकाला ती वाईन…’

‘माहितीये मला. दोघींची भांडणं ऐकत गाडी कोण चालवत होतं?’ मग परत एक दाणा उचलला. ‘पण ही मनुका आहे ना? मग भिजव की.’

‘अहो, पण कोशर?’ मी म्हटलं.

‘फळाला कसलं आलंय कोशर? फळ कोणी का तोडेना. वाईन झाली की मग प्रश्न. ही घरी नेऊ, आपल्या हाताने भिजवू, आपल्या हाताने गाळू. तिला इथलं हवं होतं ना? इथलंच आहे. आईचंही राहतंय.’

रिबका, मी त्या कोठारात मोठमोठ्याने हसायला लागले. अँजेला घाबरली. तिला वाटलं मला काही झालं. अगं, आपण दोघी! स्वतःला एवढ्या शहाण्या समजणाऱ्या! वर्षानुवर्षं त्या क्रेट्सच्या मधोमध उभं राहून आपण भांडलो, हे की ते, ते की हे, आणि उत्तर हाताला लागत होतं. बाहेर पार्किंगमध्ये चकल्या खात बसलेल्या माणसाला आत आल्या आल्या जे दिसलं ते आपल्याला दिसलं नाही. आणि मग मला इतका राग आला ना! तुझ्यावर, माझ्यावर, त्याच्यावर तर सगळ्यात जास्त. हे आधी सुचलं असतं तर तू ते चाखलं असतंस. गेल्या वर्षी, त्याच्या आधी, कितीदा तरी. आता सुचून काय उपयोग?

अँजेलाला त्यानेच समजावलं, त्याच्या त्या मोडक्या इंग्लिशमध्ये, मनुका, पाणी, प्रेयर, माय सिस्टर. तिने एक खोका भरून घोस दिले. बाटलीही पुढे केली. मी ती घेतली नाही. तुला सांगितलेलं बरं, घेतली नाही.

काल शब्बाथ संपल्यावर मी ती द्राक्षं धुऊन भिजवली. उकळली नाहीत, आईंनी सांगितल्यासारखं कोमट पाणी. आज सकाळी उठून बघते तर तुझा दादा ओट्याशी उभा, बाह्या वर केलेल्या. म्हणाला, ‘कुस्करायला मी बसतो.’ या माणसाने आयुष्यात स्वयंपाकघरात चमचा धुतला नाही. मी बाजूला झाले. कोपरापर्यंत हात घालून तो कुस्करत होता, सगळीकडे शिंतोडे, माझा पांढरा ओटा जांभळा करून ठेवला. मी मुकाट्याने मलमलचं फडकं काढून दिलं, आता तूच समज.

फडक्यातून गाळलं, तेव्हा त्याने बोट बुडवून चाखलं. ‘तुरट आहे.’

‘बिया आहेत ना त्यात. वाईनची द्राक्षं ती, खायची नव्हेत.’

तो हात तसेच धरून उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘दर वेळी ती काचेवर टकटक करायची. चल रे दादा, पाच मिनिटं ये. मी म्हणायचो, तुम्ही जा, मी बसतो.’

माझ्या जिभेवर आलं होतं काहीतरी. तुला माझी जीभ माहितीये.

‘एकदा गेलो असतो तर काय झालं असतं गं?’ तो म्हणाला आणि रडायला लागला. लहान पोरासारखा, नाक पुसायला हात वर केला तर तो हात जांभळा, तोंडभर डाग. मी माझ्या पदराने त्याचं तोंड पुसलं. तो उभा राहिला आणि मी पुसत राहिले.

आता तो आंघोळीला गेलाय. पोहे धुवायचेत, नारळ खवायचाय, लेया विमानतळावरून परस्पर येईल. टेबलावर शरबत गाळून ठेवलंय. मीही चाखलं, तुझ्या आधी, माफ कर. गोड कमी आहे. तुरटपणा जिभेवर राहतो. आईंसारखं झालेलं नाही आणि अँजेलासारखंही नाही. मंडळी तोंडं वाकडी करतील, करू देत.

तुला तर हे अजिबात आवडलं नसतं. मी ओळखते ना तुला. तू ग्लास उजेडाकडे धरला असतास, वास घेतला असतास, एक घोट घेऊन नाक मुरडलं असतंस. सगळे लोक ‘वा, छान तोडगा काढला’ म्हणाले असते आणि तू एकटी म्हणाली असतीस की यात धड वाईन नाही आणि धड शरबत नाही. मग आपण त्याच्यावर पुढची कितीतरी वर्षं भांडलो असतो. मला तेच हवंय गं. तोडगा कोणाला हवा होता? मला तू हवी आहेस, संध्याकाळी या टेबलाशी, माझ्या समोर. सगळ्या मंडळींच्या देखत तू मोठ्याने विचारावंस, ‘वहिनी, हे काय पाणी करून ठेवलंयस?’

आणि मी म्हणावं, ‘पी गुपचूप.’